मानाची जागा

मिरजेच्या तात्यासाहेब रेठरेकरांना एका जागी घडीभर बसवत नसे. आज तर ते मंदाच्या स्पीकर विकायच्या नव्या दुकानात, अडकित्त्याने सुपारी कातरत, नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

"तुझा डावा स्पीकर फाटलाय," ते म्हणाले. "आमच्या संगीत मंडळाच्या मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं की मधूनमधून कट् कट् ऐकू येतं. स्टुडिओतल्या गाण्यात असले दोष लपतात, मैफलीत नाही लपत. आज मंडळात सगळ्यांना सांगणार आहे मी."

मंडळातली माणसं हीच मंदाची गिऱ्हाइकं. तिने रेकॉर्डिंग लावलं. ख्याल सुरू झाला आणि खरंच, डावीकडून कट्, कट्.

तिने दोन्ही स्पीकरच्या जागा बदलल्या आणि तेच गाणं पुन्हा लावलं. उजवा स्पीकर आता डावीकडे आला होता, तरी आवाज डावीकडूनच.

"बघ, दुसराही फाटलाय," तात्यासाहेब म्हणाले.

मंदाची नजर त्यांच्या हाताकडे गेली. "तात्यासाहेब, या मैफलीत तुम्ही कुठे बसला होता?"

"कुठे म्हणजे? मानाच्या जागी. अगदी पुढे, डाव्या माइकला खेटून."

"मग स्पीकर चोख आहेत," मंदा म्हणाली. "मी त्यांच्या जागा बदलल्या, पण त्यांनी तुम्हाला मानाच्या जागेवरून हलू दिलं नाही."

तात्यासाहेबांच्या हातातला अडकित्ता थांबला. रेकॉर्डिंगमधला मात्र चालूच राहिला.