खडकाळीच्या जागेवरचा रुमाल

खडकाळी गावात बुधाजी नावाचा एक माणूस राहायचा. भोळा. किती भोळा म्हणाल, तर त्याची भागामावशी एकदा त्याला म्हणाली, "मी शेतावर जाते, तू दाराकडं बघ." बुधाजी दिवसभर दाराकडं बघत बसला. मागच्या पडवीतून शेजारचा बोकड आला, जोंधळ्याचं सगळं पीठ खाऊन गेला. मावशी परतली तेव्हा बुधाजी म्हणाला, "दार जागच्या जागी आहे."

असा माणूस देशाच्या महासभेत कसा जाऊन बसला, ते सांगतो. मधे विचारू नका. मधे कुणी विचारलं की मला पुन्हा बोकडापासून सुरुवात करावी लागते.

त्या देशात प्रांत पुष्कळ होते. राजधानीत एक महासभा भरायची. प्रत्येक प्रांताला तिथं एक जागा, मग प्रांत हत्तीएवढा असो की उंदराएवढा. खडकाळी प्रांत उंदराएवढा. त्यात गाव एकच, आणि तेही खडकाळी.

खडकाळीनं आजवर तीन माणसं महासभेत पाठवली होती. तिघंही हुशार. पहिले रंगनाथपंत. त्यांना राजधानीची हवा इतकी मानवली की ते बिऱ्हाड करून तिथंच राहिले. दुसरे केशव वकील. ते बोलायला उठले की बाकीची सभा जेवायला उठायची. तिसरे दगडूतात्या. ते एकदा चहा प्यायला म्हणून उठले, आणि तेवढ्यात हिरवणी प्रांताचा कुणी पाहुणा त्यांच्या जागेवर येऊन टेकला. तात्या पडले भिडस्त. 'उठा' म्हणवेना. बरीच वर्षं ते भिंतीशी उभे राहून सभा ऐकत राहिले. शेवटी गुडघे गेले आणि गावी परत आले.

अशी खडकाळीची महासभेतली कामगिरी. आणि इतक्या वर्षांत खडकाळीनं मागितलं होतं एकच, भुरकी नदीवर साकव. साकव म्हणजे लाकडाचा छोटा पूल. नदीच्या अल्याड खडकाळी, पल्याड हिरवणी प्रांत. उन्हाळ्यात माणूस धोतर वर धरून पलीकडं जाई. पावसाळ्यात भुरकी फुगली की दिवाळीपर्यंत दोन्ही काठांनी एकमेकांकडं नुसतं बघत बसायचं.

भागामावशीची एकुलती एक लेक सुगंधा पल्याड दिलेली होती. तिला दिवस गेले होते आणि भर पावसाळ्यात ती बाळंत होणार होती. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिला माहेरी येता येत नव्हतं. मावशीला रात्रंदिवस तेवढाच घोर. साकव झाला तर ती लेकीजवळ असणार होती, नाहीतर काठावर.

चावडीवर गाव जमलं. चौथा माणूस कोण पाठवायचा? मावशी म्हणाली, "हुशार माणसं पाठवून झाली. आता माझ्या बुधाजीला पाठवा. तो सांगितलं तेवढंच करतो."

"एवढा भोळा माणूस?" कुणीतरी कुरकुरलं.

"भोळा आहे, पण चहा पीत नाही," मावशी म्हणाली. हा मुद्दा सगळ्यांना पटला.

निघताना मावशीनं त्याला सांगितलं, "बुधाजी, आधी जागा धर बाबा. लाल गाडीत धरतोस तशी."

आता लाल गाडीचं सांगायला हवं. खडकाळीत दिवसाला एकच लाल गाडी येते. ती थांबायच्या आत माणसं खिडकीतून आत रुमाल टाकतात. ज्याचा रुमाल, त्याची जागा. मग आत चढलेला माणूस कितीही दांडगा असो, दुसऱ्याच्या रुमालावर तो बसायचा नाही. खडकाळीत भाऊ भावाचा बांध कोरील, पण रुमालाला हात लावणार नाही.

बुधाजीनं मान डोलावली. पटलं की तो मान डोलावतो, आणि त्याला सगळंच पटतं.

राजधानीत तो भल्या सकाळी पोचला. महासभेला खिडक्या मोठ्या. पहिली खिडकी दिसली, त्यातून त्यानं रुमाल आत टाकला. तो पडला सभापतींच्या खुर्चीवर. बुधाजी आत गेला आणि रुमाल उचलून ऐसपैस बसला.

सभापती आले. म्हणाले, "अहो, ही माझी खुर्ची."

"रुमाल कुणाचा होता?" बुधाजीनं विचारलं.

"तुमचा."

"मग झालं तर."

रुमालाबद्दल नियमात काय म्हटलंय ते बघायला माणसं बसली. काहीच म्हटलेलं नव्हतं. सभापतींनी दिवसभर उभ्यानं सभा चालवली, आणि साकवाचा विषय राहून गेला.

तो गावी आल्यावर हे ऐकून मावशीनं कपाळावर हात मारला. "अरे, पुढची जागा मोठ्या माणसांची. आपण मागं बसावं. मोठ्यांना म्हणावं, आधी तुम्ही."

"पुढच्या वेळी लक्षात ठेवीन," बुधाजी म्हणाला.

आणि त्यानं लक्षात ठेवलं. तीच तर अडचण होती.

पुढच्या सभेत तो अगदी मागं, खडकाळीच्या जागेवर बसला. सभापती म्हणाले, "खडकाळीनं आता साकवाचा विषय मांडावा."

बुधाजी हात जोडून म्हणाला, "आधी तुम्ही."

"विषय तुमचा आहे."

"असू दे. मोठी माणसं आधी."

मोठी माणसं ती, त्यांना बोलायला कारण लागत नाही. एकेक उठून साकवावर बोलला. ज्यांनी उभ्या जन्मात साकव पाहिला नव्हता ते सगळ्यात जास्त बोलले. दिवस मावळला आणि बुधाजीची पाळी आलीच नाही.

"अरे देवा," मावशी म्हणाली. "आपलं काम असेल तर मोठ्यानं बोलावं. बाकीचे गप्प झाले की लगेच सुरू करावं, आणि कुणी डोळे वटारले तरी थांबू नये."

"पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

पुढच्या वेळी काय झालं, तर महासभेतले एक म्हातारे सभासद वारले होते. सभापती म्हणाले, "दोन मिनिटं शांत उभं राहू या." सगळे उभे राहिले. सगळे गप्प झाले. बुधाजीला वाटलं, हीच वेळ.

"आमच्या भुरकी नदीवर साकव पाहिजे!" तो ओरडला. "माझ्या मावशीची लेक पल्याड आहे! ती पावसाळ्यात बाळंत होणार आहे!"

सगळ्यांनी डोळे वटारले. बुधाजी थांबला नाही. मेलेल्या माणसासाठी गप्प उभे असल्यामुळं त्याला गप्प करायलाही कुणाला तोंड उघडता येईना. सभापतींनी शेवटी सभाच उठवली.

मावशीनं ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. "अरे, अशा वेळी डोळे पुसावे. म्हणावं, फार वाईट झालं, कधी न भरून येणारी हानी झाली. आणि खाली बसावं."

"पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

पुढच्या वेळी नशीब आपल्या पायानं चालत आलं होतं. हिरवणी प्रांताचे आप्पासाहेब उठले. माणूस दिलदार. म्हणाले, "खडकाळीच्या सभासदांचं दुःख मागच्या वेळी आम्ही ऐकलं. आमच्याकडचा अर्धा साकव आम्ही बांधून देतो." सभेनं बाकं वाजवली. सगळे बुधाजीकडं बघू लागले.

बुधाजी उठला. त्यानं रुमालानं डोळे पुसले. "फार वाईट झालं," तो म्हणाला. "कधी न भरून येणारी हानी झाली." आणि खाली बसला.

आप्पासाहेबांचा चेहरा पडला. "आमची मदत म्हणजे हानी वाटत असेल तर राहू द्या," म्हणाले, आणि त्यांनी शब्द मागं घेतला.

त्या दिवशी मावशी जेवली नाही. पाऊस तोंडावर आला होता. आता एकच सभा उरली होती, मत घेण्याची. सभापतींनी कसंबसं तेवढं कबूल केलं होतं. मावशीनं फार विचार केला. मग बुधाजीला समोर बसवलं.

"हे बघ, आता काही बोलू नको. रडू नको. आपली पाळी कुणाला देऊ नको. नुसता आपल्या जागेवर बसून राहा. काही झालं तरी उठू नको. दगडूतात्या उठले आणि जागा गेली, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," बुधाजी म्हणाला. हे त्याला इतकं पटलं की त्यानं दोनदा मान डोलावली.

सभा भरली. सभापती म्हणाले, "साकव व्हावा असं ज्यांना वाटतं त्यांनी उठून उभं राहावं."

महासभेत मत असंच द्यायचे, उभं राहून. एक उठला, दुसरा उठला. हळूहळू अर्धी सभा उठली. रागावलेले आप्पासाहेबसुद्धा उठले, म्हणजे बघा. सभापतींनी मोजलं आणि म्हणाले, "एक माणूस कमी पडतोय."

सगळी सभा बुधाजीकडं वळली. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं. मागच्यानं काखेत हात घालून उचलायला पाहिलं. बुधाजीनं दोन्ही हातांनी बाक धरून ठेवलं.

"अहो, साकव तुमचा आहे," सभापती काकुळतीला येऊन म्हणाले.

बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून बुधाजी बोललाही नाही. साकव एका मतानं पडला.

घरी येऊन त्यानं अभिमानानं सांगितलं, "मावशी, त्यांनी मला उठवायला फार धडपड केली. मी हललो नाही."

मावशी त्याच्यावर रागावली नाही. रागवायचंही तिच्यात राहिलं नव्हतं. मग पाऊस आला, भुरकी फुगली, आणि एका सकाळी पल्याडची माणसं काठावर येऊन हाका मारू लागली. नदीच्या आवाजात शब्द कळेनात. मग त्यांनी लाल दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी उंच धरून दाखवलं. मावशीला नात झाली होती. मावशीला तोंड दिसलं नाही, दुपटं तेवढं दिसलं. ती काठावर बसली आणि मन भरून रडली. बुधाजी तिच्याजवळ बसून राहिला.

"मावशी," तो म्हणाला, "मी काय करायला हवं होतं?"

"उठायचं होतं रे," ती म्हणाली. "सभापती उठा म्हणाले की सगळ्यांच्या आधी उठायचं. जागेची भीती वाटली तर रुमाल टाकायचा आणि उठायचं."

"पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

दिवाळीनंतर सभा भरली. बुधाजीच्या हातात रुमाल तयार होता. सभापतींनी एक ठराव वाचला. लांबलचक होता. बुधाजीला एवढंच ठाऊक, की शेवटी 'उठा' येणार. ते आलं. "हे ज्यांना मान्य असेल त्यांनी उठून उभं राहावं."

सभेत कुणी हलेना. सगळे संकोचून एकमेकांकडं बघत होते. तेवढ्यात मागच्या बाकावर बुधाजीनं रुमाल टाकला आणि ताडकन उभा राहिला.

सभा थक्क झाली. "यांनाच मान्य असेल तर आपण कशाला आडवं यायचं?" म्हणत एकेक जण उठला. एकही माणूस बसलेला राहिला नाही.

बुधाजी नाचत गावी आला. "मावशी, मी सगळ्यांच्या आधी उठलो. माझ्या मागं अख्खी महासभा उठली."

"कशासाठी रे?"

"ते नाही ऐकलं. मी उठायच्या तयारीत होतो."

पण अख्खी महासभा खडकाळीच्या मागं उठली, असं आजवर झालंच नव्हतं. गावानं हलगी लावली, गुलाल उधळला. दगडूतात्या गुडघे विसरून नाचले. मिरवणूक वेशीपाशी आली, तर तिथं एक रंगारी शिडीवर चढून बसलेला. त्यानं पाटीवरचं 'खडकाळी प्रांत' पुसलं होतं आणि तिथं 'हिरवणी प्रांत' लिहीत होता.

"हे काय चाललंय?" मावशीनं विचारलं.

"ठराव झाला ना," रंगारी म्हणाला. "खडकाळी प्रांत मोडायचा, हिरवणीत घालायचा आणि महासभेतली जागा बंद करायची. सगळ्यात आधी तुमचाच माणूस उठला म्हणे."

हलगी थांबली. रंगाऱ्यानं खाली बघितलं. त्याला वाईट वाटलं असावं. म्हणाला, "एक मात्र आहे. आता दोन्ही काठ हिरवणीचे. साहेब लोकांना इकडं यायला वाट नको का? पल्याड साकवाची लाकडं येऊन पडलीत. उद्या काम सुरू."

मावशीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. आता भर पावसाळ्यातही नातीचं तोंड दिसणार होतं. तिनं बुधाजीच्या तोंडावरून हात फिरवला. मग तिला बाकीचं आठवलं, आणि ती म्हणाली, "पण आपली जागा गेली रे, बुधाजी. एवढ्या वर्षांची जागा."

"जाईल कशी?" बुधाजी म्हणाला. "रुमाल टाकून आलोय."

आधी दगडूतात्यांनी मान डोलावली. मग पाटलांनी डोलावली. बघता बघता अख्ख्या खडकाळीनं डोलावली. खरंच की. रुमाल तिथं आहे म्हटल्यावर जागा कोण घेणार?

"मग काही काळजी नाही," मावशी म्हणाली. हलगी पुन्हा सुरू झाली.

साकव झाला. मावशी रोज नातीला खेळवायला पल्याड जाते. आणि महासभा भरायची असली की आदल्या दिवशी ती एक रुमाल स्वच्छ धुऊन, घडी घालून बुधाजीच्या हातात देते आणि सांगते, "तिथला मळला असेल. हा टाक, तो घेऊन ये."