लिंबावरचा फेटा

भरवसा कुणावर ठेवावा, सांगा बरं? कधीच न चुकणाऱ्यावर? असा कुणी भेटला तर आधी त्याचा तराजू तपासून घ्या! त्यापेक्षा हैबतीची गोष्ट ऐका.

डोंगरकडेच्या एका गावात हैबतीची दगडखाण होती. माणूस दिलदार. कामगाराच्या घरी बारसं असो की लग्न, पहिला आहेर हैबतीचा.

खाणीत दिवसभर घण पडायचे. त्यात निम्म्यांचे कान गेलेले. सुरुंगाला बत्ती देताना नुसत्या हाळीनं भागत नसे. म्हणून हैबतीच्या वडिलांनी एक रीत घातली होती. खाणीत उतरताना ज्यानं त्यानं आपलं मुंडासं काठावरच्या लिंबाला टांगायचं, वर आल्यावर डोक्याला गुंडाळायचं. झाड रिकामं झालं की मगच सुरुंग उडवणारा गुणाजी बत्ती द्यायचा.

हैबतीचा जरीचा फेटा मात्र कधी लिंबावर चढला नाही. गुणाजी कुरकुरला, तर तो हसून म्हणे, "अरे, मालक वर आहे की खाली, हे काय झाडाला विचारायचं?"

एकदा सटवा नावाच्या कामगाराला मुलगी झाली. हैबतीनं खाणीच्या काठावरच त्याला लाल फेटा बांधला. पाठीवर थाप मारून म्हणाला, "लेकीचा बाप झालास! आज दिवसभर उतरवायचा नाही हं!" सटवा फुलून गेला आणि फेट्यासकट खाणीत उतरला. हैबती कौतुकानं बघत राहिला.

दुपारी सुरुंगाची दारू ठासून झाली. हाळी दिली. माणसं वर आली, आपापली मुंडाशी घेऊन लांब गेली. सटवा मात्र कपारीआड घण मारत होता. त्याला काही ऐकू गेलं नाही. गुणाजीचेही कान गेलेले, घणाचा आवाज त्याला आला नाही. त्यानं लिंबाकडे पाहिलं. एकही मुंडासं नाही. त्यानं खाली जाऊन वात पेटवली आणि मागे पळाला. तोच कपारीआडून लाल शेमला फडफडला! गुणाजी उलटा धावला आणि जळती वात मुठीत धरून उपटली. हाताची सालटी निघाली, पण लेकीचा बाप वाचला.

काठावर एकच गिल्ला झाला. "हाकला त्या सटवाला!" "गुणाजीचे डोळे फुटले होते काय?"

हैबती सटवावर ओरडला, "मुंडासं का नाही टांगलंस रे?"

"मुंडासं कुठं होतं, मालक?" सटवा रडकुंडीला आला. "फेटा होता. अन् फेटा झाडाला टांगतात व्हय? तुमचा तर कधी बघितला नाही."

हैबतीनं गुणाजीचा भाजलेला हात हातात घेतला. मग तो म्हणाला,

"गुणाजीनं रीत पाळली. सटवाची झाली ती चूक. माझा मात्र माज होता. चूक पोटात घालता येते, माज नाही. गुणाजीचा हात बरा होईतो त्याच्या घरचं मी बघीन."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जरीचा फेटा लिंबावर चढला. खाली हैबतीचं टक्कल चकाकलं.

"मालक, तांब्या घासून आणलात जणू!" कुणीतरी म्हणालंच.

"हसा खुशाल! पण बत्तीआधी हाही फेटा बघत जा."

सटवानं हसतच आपला लाल फेटा त्याच्या शेजारी टांगला.

तात्पर्य: नकळत चुकणाऱ्याला सांभाळून घ्यावं; पण धन्यानं जाणूनबुजून मोडलेली रीत चाकरांच्या जिवावर बेतते, म्हणून तिचा भार धन्यानंच उचलावा. तेव्हा मंडळी, एवढं करा: दुसऱ्याची चूक मांडताना आपला हात सढळ असतो, आपल्या नावावरचीही तितक्याच चोखपणे मांडत चला.