टिटवी की माळटिटवी?

फार जुनी गोष्ट. एका तळ्याकाठी कुंभारांची बारा घरं होती. तिथला एक म्हातारा कुंभार दरवर्षी टिटवी पाहून सांगे, मडकी भाजायचा आवा कुठे रचायचा ते. टिटवी जमिनीवर अंडी घालते, आणि जिथे घालील तिथवर तळ्याचं पाणी चढत नाही, अशी त्यांची पक्की समजूत.

त्या वर्षी म्हाताऱ्याचे गुडघे कुरकुरत होते. त्याने बांधावरूनच पाहिलं. काळं डोकं, लांब पिवळे पाय, चार पावलं तुरुतुरु धावून थबकणं. टिटवीच ती, आणि अंडी थेट तळ्याच्या कोरड्या पोटात! त्याने तिथेच आवा रचायला सांगितला. ओझी वर वाहायला नकोत म्हणून सगळे खूश झाले.

म्हाताऱ्याची नवी सून माळरानावरची. माती आणायला खाली गेलेली ती परत येऊन हळूच म्हणाली, "मामंजी, ही माळटिटवी आहे. हिच्या डोळ्यापुढची चामडी पिवळी आहे. तुमच्या टिटवीची लाल असते."

माळटिटवीला पाण्याचा अंदाज नसतो, असंही तिने सांगितलं. म्हाताऱ्याने ते उडवून लावलं. चाळीस वर्षं टिटवी पाहणाऱ्याला कालची पोर शिकवणार?

पण त्याला चैन पडेना. काठी टेकत तो खाली गेला आणि झुडपाआड बसला. पक्षी अंड्यांवर आला. चोच लाल नव्हती, छाती काळी नव्हती, आणि डोळ्यापुढे हळदीसारखी पिवळी चामडी. म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प राहावं, पाणी कदाचित येणारही नाही, असं मनात आलं. पण बारा घरांची मेहनत तिथे रचलेली होती.

तो तडक पारावर गेला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "मी लांबून पाहिलं. सूनबाईचं खरं आहे. आवा हलवा."

लोकांनी कपाळाला हात लावला, मग पदर खोचले. लाल चामडीची टिटवी वरच्या मुरमाड टेकाडावर सापडली. थट्टामस्करी करत सगळ्यांनी मडकी तिथे चढवली आणि ती खणखणीत भाजली गेली. पुढे तळं काठोकाठ भरलं, तोवर माळटिटवीची पिल्लंही अंडी फोडून माळावर पळाली होती.

दुसऱ्या वर्षी म्हातारा म्हणाला, आता सुनेलाच विचारा. तेव्हा शेजारीण हसली. "तिला विचारूच. पण सांगायचं तुम्हीच. चुकलात तर लपवणार नाही, हे आम्ही पाहिलंय."

मग सासरा आणि सून दोघं मिळून पक्षी पाहायला निघाले.

तात्पर्य इतकंच: नजर कुणाचीही चुकते, चूक दिसताच जो ती बोलून दाखवतो, त्याच्यावरचा विश्वास वाढतो.