लिंबाजीने पिस्तुलाला तेल लावलं

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव लिंबाजी. चौकीत पिस्तूल एकच होतं. ते लिंबाजीच्या हाती कोणी चालवायला देत नसे, फक्त पुसायला देत.

चौकीचे प्रमुख होते जमादार रायाजी मोहिते. त्यांचा नियम एकच. हुकूम ऐकायचा, 'का' विचारायचं नाही. लिंबाजीला हा नियम फार आवडे. त्यात डोकं लागत नसे.

गेल्या वर्षी मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी पिस्तुलाच्या नळीत पाहिलं. आत गंजाचा डाग होता, मसुराएवढा. साहेबांनी शेरा मारला आणि जमादारांची बढती एक वर्ष पुढे गेली. यंदा तपासणीचे दिवस जवळ आले, तशी जमादारांनी स्वतःच नळी पाहिली.

"लिंबाजी, नळी पुसून तशीच ठेवलीस?" जमादार ओरडले.

"जी. लख्ख पुसली."

"अरे शहाण्या, साफ केलं की तेल लावायचं! का ते विचारू नकोस. लक्षात ठेव."

"जी."

लिंबाजीने लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याने जमादारांचा चष्मा साफ केला. तेल लावलं. मग चौकीची फरशी साफ केली. तिलाही तेल लावलं. कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

जमादार दारातून आत आले ते थांबलेच नाहीत. टेबल गेलं, खुर्ची गेली, थेट कोठडीच्या गजांना जाऊन टेकले. आत एक कोंबडीचोर होता. त्याने हात देऊन त्यांना उठवलं.

"हळू, जमादारसाहेब," चोर म्हणाला. "आत यायची एवढी घाई कशाला?"

जमादारांनी चष्म्यातून लिंबाजीला शोधलं. दोनदा चुकून चोराला शिव्या दिल्या. मग म्हणाले, "गाढवा, तेल लावलं तरी वापरायच्या आधी पुसायचं असतं! पिस्तुलाचं असंच. ठेवताना नळीला तेल, गोळी झाडताना नळी कोरडी. का ते विचारू नकोस. लक्षात ठेव."

"जी."

लिंबाजीने लक्षात ठेवलं. रविवारी जमादारांच्या घरी जेवण होतं. जमादारांची बायको गजराबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "लिंबाजी, पानात लोणचं वाढा."

लिंबाजीने बरणी उघडली. आत तेलच तेल. आता हे वापरायचं म्हणजे आधी पुसायला हवं. त्याने एकेक फोड काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, उन्हात मांडली. तेल मोरीत ओतलं. बरणी आतून कोरडी केली आणि फोडी परत भरल्या. आठ दिवसांत लोणच्याला पांढरी दाढी आली.

गजराबाई लाटणं घेऊन चौकीत आली. "मेल्या, लोणचं तेलात बुडलेलं लागतं! वर चार बोटं तेल उभं राहिलं पाहिजे. बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा आणि मुरेपर्यंत हात लावायचा नाही. तरच वर्षभर टिकतं."

"का, वैनी?" लिंबाजीच्या तोंडून निसटलं.

"का म्हणून विचारतोस वर?" जमादार गरजले. "लक्षात ठेव!"

"जी."

गजराबाईने नव्या कैऱ्या आणल्या, नवं लोणचं घातलं. तेवढ्यात कागद आला. गुरुवारी तपासणी.

जमादारांना रात्रभर झोप नाही. "लिंबाजी, यंदा डाग निघाला तर माझी बढती गेली. काडतुसं मी काढून घेतलीत. पिस्तूल साफ कर, तेल लाव, नीट ठेव."

लिंबाजी विचारात पडला. तेल लावलं तरी शिव्या, पुसलं तरी शिव्या. वर्षभर टिकण्याची खात्री फक्त वैनींनी दिली होती.

गुरुवारी साहेब आले. कपाट उघडलं. कपाट रिकामं. जमादार पांढरे पडले.

"पिस्तूल कुठाय?"

"आणतो, साहेब." लिंबाजी डोक्यावर बरणी घेऊन आला. टेबलावर ठेवली आणि खाडकन सलाम ठोकला.

साहेबांनी दादरा सोडला. हिंगाचा वास सुटला. कोठडीतल्या चोराने मोठा श्वास घेतला. साहेबांनी चिमटीत धरून पिस्तूल वर काढलं. चापात एक फोड अडकली होती. ती सोडवून त्यांनी नळी उजेडाकडे धरली. एक डोळा मिटला. जमादारांनी दोन्ही मिटले.

"मोहरी आहे," साहेब म्हणाले. "मेथी आहे. गंज मात्र नाही."

मग त्यांना हसू आवरेना. चौकीतली हत्यारं तासभर हसत पाहण्याची त्यांची पहिलीच वेळ. जाताना त्यांनी जमादारांच्या बढतीच्या कागदावर सही केली आणि तो लिंबाजीच्या हाती दिला. "हा नीट जपून ठेव रे. उद्या तालुक्याला दाखवल्याशिवाय बढती मिळायची नाही."

जमादार साहेबांना गाडीपर्यंत पोचवून धावत परत आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लिंबाजीच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आण तो कागद."

लिंबाजी दादऱ्याची शेवटची गाठ मारत होता. त्याने बरणी पोटाशी धरली.

"का रे? देत का नाहीस?"

"का विचारू नका, जमादारसाहेब," लिंबाजी म्हणाला. "वर चार बोटं तेल ठेवलंय. अजून मुरला नाही."