राणीची पाठराखीण

एक होती राणी, बरं का, पण गरिबाघरची. सगुणा तिचं नाव. लग्नात पाठराखीण म्हणून धाडायचं कुणाला? घरी एकटी आई. मग आईनं मोगरीची कुंडीच पाठवली. म्हणाली, "हीच तुझी पाठराखीण."

आणि ती मोगरी बोलायची! रोज दुपारी आईच्याच बोलीत विचारायची, "सगे, जेवलीस का गं?" तेवढं ऐकलं की सगुणाला सासरी करमायचं.

मग थंडी आली. डोंगरावरचं राज्य ते, घागरीतलं पाणी गोठायचं. सगुणानं मोगरी महालात घेतली. इथवर शहाणपण. पण पुढं? खिडक्या लावल्या. शेगडी शेजारी आणली. वर शाल गुंडाळली, पार शेंड्यापर्यंत. आंधळी माया, दुसरं काय!

शालीखाली पांढरे किडे माजले. जणू कापसाचे पुंजके. पानं चिकटली, मुंग्यांची रांग लागली. आणि मोगरी गप्प झाली.

सासूबाईंनी दृष्ट काढली, मीठमोहऱ्या ओवाळल्या. किडे हलले नाहीत. राजानं चांदीची कुंडी आणली. किडे चांदीच्या कुंडीत ऐटीत बसले. मग सगुणानं आणखी एक शाल घातली. आता तर पानंच गळायला लागली.

माहेरचं एवढंच एक माणूस, तेही चाललं! रडत रडत तिनं बुंध्याला कान लावला. मोगरी बोलेना, पण मुंग्या बोलत होत्या, बरं का.

"हे किडे गोड पाझरतात तोवर आपली दिवाळी!"

"आणि राणीनं रिठ्याचं पाणी लावलं तर?"

"गप गं! रोज त्यानंच न्हाते, पण तिला कुठलं सुचतंय!"

सगुणा ताडकन उठली. शाली फेकल्या, शेगडी हलवली, दुपारच्या उन्हाला खिडकी उघडली.

"अगं, गारठून मरेल ती!" सासूबाई ओरडल्या.

"गारठ्यानं नाही, माझ्या लाडानं मरतेय. धरा ही फांदी."

सासूबाईंनी मुकाट धरली. मग किडक्या डहाळ्या छाटून जाळल्या. रिठे भिजवून फेस काढला, फडक्यानं पान न् पान पुसलं, खालूनसुद्धा. आठवड्यानं बारीक किडे पुन्हा दिसले.

"सोड आता नाद," सासूबाई म्हणाल्या.

"अंडी फुटली असतील. पुन्हा पुसू."

पुन्हा पुसलं. मग तिसऱ्यांदा पुसायला बसल्या, तर एक किडा मिळेल तर शपथ! मुंग्याही निघून गेल्या. पण मोगरी गप्पच.

फाल्गुन लागला. एक कोंब फुटला, मग एक कळी आली. आणि दुपारी आवाज आला, "सगे, जेवलीस का गं?"

सगुणाला हुंदका फुटला. उत्तर दिलं सासूबाईंनी, "आत्ता बसतोय आम्ही दोघी. विहीणबाई, तुम्ही काय घेणार?"

तेव्हापासून त्या तिघी सुखानं नांदल्या. आता तुम्हीही पांघरुणात शिरा. पण तोंडावरून घेऊ नका रे, नाक उघडं ठेवा. झोपा.