परतणाऱ्या हाका

त्या दरीत राहणाऱ्या प्रत्येकाला हाक मिळत असे, आणि दरी सोडून गेलेल्यालाही. राहायला येणारा जीव आपली कपार दाखवून ठेवी. जाणारा मात्र कोणाला काही न सांगता निघून जाई.

हाक घालण्याचे काम टिटवीचे होते. रोज सांजेला ती सुळक्यावर बसून पाण्याची, बिबट्याची, दरड कोसळल्याची बातमी एकेका कपारीच्या दिशेने पुकारी आणि वारा ती पोचवी. जिथे कोणी राहत असे तिथे गवताच्या अंथरुणात, पिलांच्या लवेत आवाज मुरून जाई. ओस कपारीतून तो जसाच्या तसा परत येई. अलीकडे असे परतणारे आवाज फार वाढले होते. ते एकमेकांवर आदळत आणि बातमीचे शब्द मोडून टाकत. एका सांजेला टिटवीने सांगितले, बिबट्या उत्तरेला, पाणी दक्षिणेला. सशांच्या कानी पडले, पाणी उत्तरेला. गेलेल्या सशांपैकी एकच परत आला, तोही लंगडत.

टिटवी कारभाऱ्याकडे गेली. दरीचा कारभार एका थोराड सांबराकडे होता.

“ओस कपारींना हाक घालणं मी थांबवते,” ती म्हणाली.

“अजिबात नाही,” सांबर म्हणाला. “सांजेला ही दरी कशी दुमदुमते, ऐकतेस ना? पलीकडच्या डोंगरातले कळप त्या आवाजाला वचकून असतात. एवढी दरी आपल्याला ओ देते!”

“कारभारी, ती ओ नाही. माझाच आवाज आहे तो.”

सांबराने शिंगे झाडावर घासली. बोलणे तिथेच संपले.

परतताना वाऱ्याने तिला गाठले. “टिटवे, नेलेल्यातलं निम्मं मलाच परत आणावं लागतंय. पुन्हा इतकं परत आलं, तर या सुळक्यावरची एकही हाक मी उचलणार नाही. मग ती कितीही महत्त्वाची असो.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच टिटवी कपारीकपारीशी जाऊन डोकावू लागली. कुठे दाराशी कोळिष्टके होती, कुठे आतली माती गारठलेली. ओस कपारी तिने मनात पक्क्या केल्या. फक्त साळिंदरीच्या कपारीशी ती अडखळली. तिथूनही हाक परत येऊ लागली होती. तोंडाशी दगड पडलेले होते, वास येत नव्हता. तिने साद घातली. तिचीच साद परत आली. गेली असावी, असे म्हणून ती उडाली. पण मन मानेना.

त्याच दुपारी दरीच्या माथ्यावर वणवा दिसला. वाळल्या गवतातून तो झपाट्याने खाली सरकत होता.

“हाक घाल!” सुळक्यावर धावत आलेला सांबर ओरडला. “सगळ्यांना घाल! एकही कपार सोडू नकोस!”

वारा थबकून उभा होता. टिटवीने फक्त राहत्या कपारी निवडल्या आणि त्यांनाच पुकारले, “आग! नदीपार चला!” वाऱ्याने हाक उचलली. काहीही परत आले नाही.

ती तशीच साळिंदरीच्या कपारीकडे झेपावली आणि चोचीने दगड ठोकू लागली.

“कोण आहे?” आतून दबका आवाज आला.

“मी टिटवी. आग लागलीय, बाहेर ये!”

“अगं, पिलं झालीत. बिबट्या घिरट्या घालतोय म्हणून दार बुजवलं. तुझी हाक बाहेरच आपटते गं, मला कळतच नाही काही.”

“आता कळलं ना? ढकल ते दगड!”

आतून दगड सरकू लागले. टिटवी धुरात खोकत दाराशी थांबली. एक पिलू बाहेर आले, मागून दुसरे, मग त्यांची आई.

सुळक्यावर सांबर कान टवकारून उभा होता. दरीत इतकी शांतता त्याने कधी ऐकली नव्हती. घाबरून तो स्वतःच हंबरला, “पळा!”

“पळा... पळा... पळा...” चारी बाजूंनी दरी दुमदुमली.

त्याच्या जिवात जीव आला. खाली सारे जीव, तोंडातून अवाक्षर न काढता, नदी ओलांडत होते. तिकडे त्याची पाठ होती. धूर खुरांशी आला तरी तो जागचा हलला नाही. मान ताठ करून, आणखी मोठ्या आवाजात, तो ओस कपारींना ओ देऊ लागला.