सातभाईंची गप्प सकाळ

बोरीबाभळींना अजून कुऱ्हाड ठाऊक नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका रानात सातभाई पक्ष्यांचा थवा राहायचा. पिल्लं एकीची असली तरी ती वाढवायची सगळ्यांनी, अशी त्यांची रीत. एरवी पान सळसळलं तरी रान डोक्यावर घेणारी ही पाखरं!

एका सकाळी सगळी पाचोळ्यात किडे टिपत होती. त्यांतल्या भुरीने मान वर केली, तर तिच्या धाकट्या बहिणीच्या घरट्याकडे धामण सरकत होती. तिने ओरडायला चोच उघडलीही, पण बाकीची पाखरं निवांत टिपत होती. ‘धामण असती तर एव्हाना कुणीतरी ओरडलं असतं. वेलच असेल. उगाच हसं व्हायचं.’ तिने मान खाली घातली आणि पुन्हा किडे टिपू लागली.

घरटं रिकामं झाल्यावर मात्र थव्याने खूप आरडाओरडा केला.

संध्याकाळी बहीण भुरीजवळ येऊन बसली. “ताई, मला दिसली होती गं ती,” ती म्हणाली. “पण तू वर बघितलंस आणि पुन्हा टिपायला लागलीस. म्हटलं, ताई भ्यायली नाही, म्हणजे वेलच असेल.”